गाडी खाली बसवली की वळणावर चिकटते का?

प्रश्न असा आला आहे: "मिस्त्री, माझी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोज कळंबा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि रविवारी पन्हाळा नाहीतर आंबा घाट. गाडी चाळीस मिलिमीटर खाली घ्यायची म्हणतोय. दिसायला भारी दिसेलच, पण वळणावर जास्त चिकटून चालेल ना? एक जण म्हणतो, लोअरिंग स्प्रिंगला पैसे कशाला घालवतोस, आहे त्याच स्प्रिंगची एक कॉइल कापून देतो, दीड हजारात काम. काय करू?"

भावा, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कॉइल कापू नकोस. चाळीस मिलिमीटरही घेऊ नकोस. आणि दिसण्यासाठी करत असशील तर सरळ तसं म्हण, त्यात लाजायचं काही नाही. गाडी खाली बसली की चाकाच्या कमानीतली ती मोकळी जागा भरते आणि गाडी देखणी दिसते, मलाही आवडते. पण माझ्याकडे येणारी दहातली आठ पोरं "दिसण्यासाठी" न म्हणता "हँडलिंगसाठी" म्हणतात, आणि तिथंच घोळ होतो. दिसणं आणि चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाला लागतं तेच दुसऱ्याला बऱ्याचदा मारक ठरतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस-सत्तावीस वर्षं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतोय. त्यातलं जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

गाडी खाली घेतली की फायदा होतो हे खोटं नाही. फक्त तो किती होतो ते कुणी मोजत नाही. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं याचा हिशेब शाळेतल्या गणितासारखा आहे: गाडीचं वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार, भागिले दोन चाकांमधली रुंदी. समज, माणसासकट गाडी १००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर, रुंदी दीड मीटर आणि तू वळण चांगलं दाबून, ०.७ जीने, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.७ पट आडव्या जोराने घेतोयस. म्हणजे साधारण २५७ किलो वजन आतून बाहेर गेलं. आता गाडी ४० मिलिमीटर खाली घे. आकडा येतो २३८. एकोणीस किलोचा फरक, सात-साडेसात टक्के.

हा फरक कामाचा आहेच. टायरवरचं वजन दुप्पट केलं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे चारही चाकांवर वजन जितकं सारखं वाटलं जाईल तितकी एकूण पकड जास्त. पण हे सात टक्के चाळीस मिलिमीटर देऊन मिळाले, आणि तुझ्या स्विफ्टचा रिकाम्या गाडीचा ग्राऊंड क्लिअरन्सच १६३ मिलिमीटर आहे. जुने, कडक झालेले टायर काढून चांगल्या कंपाउंडचे घातलेस तर याहून जास्त पकड मिळेल, आणि गाडी एक सूतही खाली घ्यावी लागणार नाही.

आता ते चाळीस मिलिमीटर तुझ्याकडून काय घेतात ते बघ.

तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. १९५० च्या सुमारास फोर्डने इंग्लंडमधल्या गाड्यांत ते लावले आणि आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच रचनेवर चालतात, कारण स्वस्त, हलकी आणि जागा कमी खाणारी. वर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली एकच लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा आडवा दांडा. वरचा आर्म नाहीच. ही रचना ज्या उंचीसाठी काढली आहे त्या उंचीवर छान चालते, तिथून फार खाली नेलं की रुसते.

कधी गॅरेजमध्ये आलास तर गाडी चार खांबांच्या लिफ्टवर घेऊन, म्हणजे चाकं टेकलेलीच ठेवून, खाली उभा राहून दाखवीन. बॅटरीचा उजेड लोअर आर्मवर टाकायचा आणि एका बाजूने बघायचं. मूळ उंचीला आर्म जवळजवळ आडवा असतो, चाकाकडचं बॉल जॉइंटचं टोक आतल्या बुशपेक्षा, म्हणजे सांगाड्याकडच्या रबरी सांध्यापेक्षा, किंचित खालीच. आता तीच गाडी चाळीस खाली घेतलेली बघ: बाहेरचं टोक वर गेलेलं. आर्म चाकाकडे चढताना दिसतो, घराच्या पाख्यासारखा उलटा. हा एवढा कोन बदलला की दोन गोष्टी होतात आणि दोन्ही वाईट.

पहिली म्हणजे रोल सेंटर. वळताना गाडीचं धड ज्या बिंदूभोवती कलतं तो बिंदू. तो आर्मच्या आणि स्ट्रटच्या कोनावरून ठरतो. गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य चाळीस मिलिमीटरच उतरतो, पण स्ट्रटच्या गाड्यांत पुढचं रोल सेंटर त्याच्या दीडपट-दुप्पट उतरतं. म्हणजे दोघांमधलं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. आणि धड कलवणारी तरफ म्हणजे हेच अंतर. दाराचं हँडल बिजागरीपासून लांब बसवलं की दार हलक्या हाताने उघडतं ना, तसंच. तरफ लांबली की तेवढ्याच जोरात गाडी जास्त कलते. ऐकायला उफराटं वाटेल, पण स्प्रिंग कडक न करता नुसती खाली बसवलेली स्ट्रटची गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. लोअरिंग स्प्रिंग कडक का करतात, त्याचं अर्धं कारण हे आहे. आपणच बिघडवलेलं निस्तरण्यासाठी.

दुसरी गोष्ट कॅम्बरची, म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय त्याची. वळणावर बाहेरचं चाक वर दबतं तेव्हा त्याचं डोकं थोडं आत झुकलं पाहिजे, म्हणजे धड बाहेर कललं तरी टायरचा तळवा रस्त्यावर सपाट राहतो. आर्म आडवा असताना ते थोडंफार होतं. आर्म एकदा वर चढलेला असला की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तो चाकाचा खालचा भाग आत ओढायला लागतो. म्हणजे डोकं बाहेर. नेमकी गरज असताना टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. नुसत्या उभ्या गाडीचा कॅम्बर मोजलास तर मात्र खूश होशील, कारण खाली घेतल्यामुळे तो अर्धा-पाऊण अंश निगेटिव्ह, म्हणजे डोकं आत, दाखवतो. उभ्या गाडीवर मिळालेलं वळणावर जातं.

याच्या जोडीला बंप स्टिअर. टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा) आणि लोअर आर्म वर-खाली होताना एकाच कोनात हलले पाहिजेत. उंची बदलली की ते जुळत नाहीत, आणि चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग न हलवता थोडं वळतं. महामार्गावर कागलकडे जाताना रस्त्याच्या जोडावरून गाडी किंचित बाजूला जाते, तू हलकेच ओढून घेतोस, ती परत जाते. "स्टेअरिंग लई शार्प झालंय" म्हणून पोरं यालाच नावाजतात.

तरीही माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा हे तीनही नव्हेत. तो आहे चाल. शॉकअपला वर दबायला किती जागा उरली, ते.

याचा धडा मी स्वतःच्या गाडीवर घेतला. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. माझ्याकडे जुनी मारुती ८०० होती आणि डोक्यात नाद. पुढच्या स्प्रिंगची दीड-दीड कॉइल गॅसने कापली, मागचं तसंच ठेवलं. गाडी पुढून नाक घासतेय अशी दिसायची, मला वाटायचं आता आपणच राजे. केर्ली सोडून वाघबिळाच्या चढाला लागलो, एका उजव्या वळणात मधोमध डांबर खचलेलं होतं, हातभर लांबीचं. रोज जायचो त्याच वेगाने घेतलं. गाडी वळत होती, वळत होती, आणि त्या खचग्यावर "धप्प" असा आवाज आला आणि पुढची चाकं स्टेअरिंगचं ऐकेचनात. गाडी सरळ. डावीकडच्या मातीत दोन चाकं गेली, नशीब, तिथं माती होती.

आमच्या वस्तादांनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता स्ट्रटचं धुळीचं कव्हर वर सरकवलं. आतून काळ्या रबराचा चुरा भुरभुर खाली पडला. बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला तो रबराचा गोळा, शेवटचा धक्का झेलण्यासाठी असतो. माझ्या गाडीचा तो रोजच झेलत होता, आणि झेलून झेलून संपला होता.

काय झालं ते नंतर कळलं. वळणात बाहेरचं पुढचं चाक आधीच बरंच दबलेलं. खचग्याने आणखी दबलं आणि रबराला टेकलं. टेकल्या क्षणी पुढचं सस्पेन्शन एकदम कितीतरी पट कडक झालं. गाडीचं जे टोक कडक, त्याच्या बाहेरच्या चाकावर वजनाचा जास्त वाटा पडतो. तो टायर आधीच काठावर होता, तो सुटला. पुढचं टेकलं तर गाडी सरळ जाते. मागचं टेकलं तर मागून फिरते, आणि ते जास्त वाईट. तुझ्यासारखा चौघं मित्र बसवून जोतिबाला निघाला, डिकीत सामान, मागची बाजू आधीच खाली घेतलेली, तर मागचे बंप स्टॉप घरातून निघतानाच टेकलेले असतात.

चालीचा हिशेब करून बघ. समज, तुझ्या पुढच्या शॉकअपला उभ्या गाडीपासून रबराला टेकेपर्यंत ६० मिलिमीटर जागा आहे. चाळीस खाली घेतलीस तर वीस उरले. तोच खड्डा, तोच धक्का आता एक तृतीयांश जागेत जिरवायचा आहे. स्प्रिंगमध्ये जिरणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या पटीत असते, म्हणजे स्प्रिंग नऊपट कडक पाहिजे. तिप्पट नव्हे, नऊपट. बाजारातली लोअरिंग स्प्रिंग मूळच्यापेक्षा साधारण वीस-तीस-चाळीस टक्के कडक असते. उरलेलं सगळं रबराच्या माथी. वीसच मिलिमीटर खाली घेतलीस तर चाळीस उरतात, आणि हिशेब नऊपटीवरून सव्वादोन पटीवर येतो. तोही पूर्ण जुळत नाही, पण चांगला शॉकअप आणि चांगला लांब, हळूहळू कडक होणारा बंप स्टॉप मिळून ते निभावून नेतात.

तालमीत बघितलंस तर पैलवान पवित्रा घेताना खाली वाकतो, पण गुडघे पूर्ण दुमडून उकिडवा बसत नाही. उकिडव्या बसलेल्याला कुणीही ढकलतो. तुझी चाळीस खाली घेतलेली स्विफ्ट उकिडवी बसलेली आहे.

कुणी म्हणेल, मग रेसिंगच्या गाड्या एवढ्या खाली कशा? आपल्या कोल्हापुरात कार्टिंगचा नाद आहे, मोहिते रेसिंगचा ट्रॅक तू पाहिला असशील. कार्टला तर सस्पेन्शनच नसतं, जमिनीपासून जेमतेम दोन-चार सेंटिमीटर. पण तिथला रस्ता गुळगुळीत, कडेपासून कडेपर्यंत सारखा. चाकाला वर-खाली व्हायची गरजच नाही. शिवाय रेसच्या गाडीत नुसती उंची कमी करून सोडत नाहीत, आर्मचे बसायचे बिंदूच हलवतात, बॉल जॉइंट लांब दांड्याचे घालतात, टाय रॉडचा कोन वेगळा जुळवतात. म्हणजे गाडी खाली आणि आर्म परत आडवा. तू फक्त पहिलं अर्धं काम करणार आणि फळ पुऱ्या कामाचं मागणार.

आता कॉइल कापण्याविषयी, कारण त्या दीड हजारवाल्या माणसाचा मला राग आहे.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कामाच्या वेढ्यांवर असतो, वेढे कमी तर कडकपणा जास्त. सहा कामाचे वेढे असले आणि एक कापला तर वीस टक्के कडक. म्हणजे कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, कडकच होते, हे त्या माणसाचं बरोबर आहे. पुढचं तो सांगत नाही. स्प्रिंगचं टोक तिच्या बशीत बसेल असं कारखान्यात वळवलेलं असतं. कापलेलं टोक तिरकं, ते बशीत नीट टेकत नाही, एका बाजूने दाब देतं, आणि शॉकअपचा दांडा तिरक्या दाबाखाली घासून सील लवकर गळतं. त्याहून वाईट म्हणजे लांबी. शॉकअप पूर्ण उघडतो तेव्हाही स्प्रिंग दोन बशांमध्ये दाबलेली राहिली पाहिजे. कापलेली आखूड पडते. मागच्या वर्षी एक गाडी जॅकवर चढवली, चाक लोंबकळलं आणि आतून "टक्" असा आवाज आला. हात घालून बघितलं तर स्प्रिंग बशीतून सुटून हाताने फिरत होती, बाळाच्या खुळखुळ्यासारखी. रस्त्यावर उंचवट्यावरून चाक लोंबलं की दर वेळी तेच होत असणार, आणि खाली येताना ती जागेवर बसेलच याची हमी कुणी दिली?

गॅसने कापली असेल तर आणखी एक. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम गार करून, मग ठरावीक तापमानाला परत तापवून केलेलं असतं. कापताना लालभडक झालेला भाग ते पाणी विसरतो. तो तिथं मऊ होतो किंवा ठिसूळ होतो, आणि काही महिन्यांनी तिथंच तुटतो. काही जण तर कापतही नाहीत, नुसती वेढ्याला ज्योत लावून गाडी "बसू" देतात. ज्या गावात ओतकाम आणि उष्णतेच्या कामाचे एवढे जाणकार आहेत, त्या गावात हे चालावं याचं नवल वाटतं. शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीतल्या माणसाला विचार, पाणी दिलेल्या पोलादाला गॅसची ज्योत दाखवली तर काय होतं.

शॉकअपचं थोडक्यात सांगतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप मूळचाच ठेवला तर तो तिला परत येताना आवरू शकत नाही. खड्ड्यानंतर गाडी एकदा ऐवजी दोनदा-तीनदा हलते आणि तेवढ्या वेळात टायर रस्त्याला टेकला-न टेकला असं होतं. पॅचवर्क केलेल्या ओल्या रस्त्यावर, म्हणजे जुलैत आंब्याच्या घाटात, हे सगळ्यात जास्त जाणवतं. तळवा जमिनीवर नसेल त्या क्षणी पकड शून्य, टायर कितीही महागाचा असो.

अलाइनमेंट मात्र सविस्तर, कारण पैसे इथंच उडतात. उंची बदलली की टो, म्हणजे वरून बघताना चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतं, हमखास. पोरं स्प्रिंग घालतात, गाडी तशीच चालवतात आणि पाच-सहा हजार किलोमीटरला टायरच्या आतल्या कडा घेऊन येतात, तारा दिसायला लागलेल्या. मग म्हणतात कॅम्बरमुळे गेले. कॅम्बरचा वाटा असतो, पण खरा चोर टो. हिशेब बघ: पंधराच्या रिमवर मोजलेला टो एकूण तीन मिलिमीटर चुकला असेल तर दोन्ही चाकांना मिळून साधारण अर्धा अंश होतो. प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळजवळ चार मीटर आडवं घासत जातं. कळंबा ते गोकुळ शिरगाव रोजची ये-जा लावून महिन्याचा हिशेब तूच कर. टायरवर हात फिरवून कळतं: तळहात आतून बाहेर फिरवला की गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवला की करवतीसारखा लागत असेल, तर टो चुकलाय.

नवी स्प्रिंग घातल्यावर लगेच अलाइनमेंट करून उपयोग नाही, ती दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडी बसते. आधी कामचलाऊ करून घ्यायचं, मग पक्कं. आणि तुझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा आहे, तिथं कॅम्बर-टो जुळवायला बोल्टच नाहीत. मागे जे येईल ते येईल.

बारीकसारीक बाकीचं: हेडलाइटचा झोत परत जुळवावा लागतो. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वेगळ्या कोनात चालतात, बूट फाटायला लागतात. जुन्या व्हॅन आणि जुन्या जीपसारख्या गाड्या असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, त्यांच्यात मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह बीमला दांड्याने जोडलेला असतो. मागची बाजू खाली घेतली की त्याला वाटतं गाडीत माल भरलाय, तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, आणि रिकामी गाडी ब्रेक दाबल्यावर मागून फिरते. तुझ्या गाडीत एबीएस आणि ईबीडी आहे, म्हणजे ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाटते, तुला हे लागू नाही.

मग आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. तुझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २४५० मिलिमीटर अंतर आहे. असा नियमातला गतिरोधक ओलांडताना पोटाखालून फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. चाळीस खाली घेतलेली, चौघं बसलेली गाडीसुद्धा त्यावरून न घासता जाईल. पण नियमातला गतिरोधक तुला शेवटचा कधी दिसला? गावाने एका रात्रीत घातलेला असतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याची सगळी उंची पोटाखाली येते. आधी सायलेन्सर घासतो, मग इंजिनखालचा ऑइलचा चेंबर. चेंबर फुटला की ऑइल जातं, आणि दिवा लागल्यावर "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणणाऱ्याचं इंजिनही जातं. त्यात नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की ट्रॉलीतून पडलेली कांडकी आणि ट्रॅक्टरच्या चाकाचे चिखलाचे डिखळे रस्त्यावर. इतर गावांत हा मुद्दा नसेल, आपल्याकडे चार-पाच महिने आहे.

एवढं ऐकून खाली घ्यायचीच असेल, तर मी स्वतःच्या गाडीला जे केलं असतं ते सांगतो. मी लोअरिंगच्या विरोधात नाही. मीच बांधलेली एक गाडी आहे, तुझ्यासारखीच, वीस मिलिमीटर खाली, आखूड बॉडीचे शॉकअप, जुळवून घेतलेली स्प्रिंग, पुढे कॅम्बर बोल्ट लावून एक अंश निगेटिव्ह. घाटात ती गाडी चालवताना हसू येतं.

पण आधी पंधरा दिवस काही बदलू नकोस. पुढच्या स्ट्रटचं धुळीचं कव्हर वर सरकव, दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट न आवळता लाव आणि खाली शॉकअपच्या बॉडीला टेकव. कव्हर वरच बांधून ठेव. रोजच्या रस्त्यावर चालव, एकदा पन्हाळा करून ये, चौघांना घेऊनही ये. मग टाय किती वर सरकली ते बघ. टाय रबराला जाऊन टेकलेली असेल तर तू मूळ उंचीलाच सगळी चाल वापरतोयस, खाली घ्यायला शिल्लकच नाही. दहा-वीस मिलिमीटर मोकळे असतील तर बोलू. या एका दोन रुपयांच्या टायने माझी कित्येक गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत, म्हणजे धंद्याला वाईटच.

त्याच वेळी लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट बघून घेऊ. २०१९ ची गाडी आहे, आपल्या रस्त्यांवर एव्हाना बुशला चिरा पडलेल्या असतात. "गाडी वळणावर ढिली वाटते" ही तक्रार मी निम्म्या वेळा नुसते बुश आणि शॉकअप नवे घालून, अलाइनमेंट करून संपवली आहे. तेवढं करून, चांगले टायर घालून एकदा वाघबिळातून जाऊन ये. मग खाली घ्यायची का ते ठरव. मोजलेलं बरं वाटलं तर वीस, फार तर पंचवीस. ठरावीक गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगच घ्यायच्या, आणि शॉकअप त्यांच्याच जोडीचे. फक्त स्प्रिंगला पैसे पुरत असतील तर थांब, पैसे साठव.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी, म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. तुझा बदल त्यात बसतो का हे काम करायच्या आधी आरटीओत विचार, आणि विमा कंपनीला लेखी कळव. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला कापलेली कॉइल लगेच दिसते.

अलाइनमेंटला येताना डिकीतला तो सबवूफरचा खोका काढून ये, टाकी अर्धी ठेव, हवा चारही चाकांत सकाळी थंड टायरवर सारखी भरून घे. आणि सोमवारी येऊ नकोस, आमच्या फीडरची लाईट जाते.